मिगच्या नाकातलं शिसं

नंदुरबारला सत्तारभाईच्या दुकानात कोणी नंबर प्लेट करायला आला की तो आधी वर बघतो. दुकान म्हणजे एक गाळा. पुढं रेडियम कापायचं मशीन, बाजूला कोऱ्या प्लेटांची चळत, भिंतीला टेकवलेले सनबोर्डचे तुकडे. आणि छताला नायलॉनच्या दोऱ्यांवर टांगलेली लढाऊ विमानं. पंखा लावला की ती हळूहळू फिरायला लागतात. एखादं नाक खाली करतं, एखादं कुशीवर वळतं. गिऱ्हाइकाच्या कडेवरचं पोर रडता रडता थांबतं.

विमानं रिम्शाची. रिम्शा म्हणजे सत्तारभाईची धाकटी. वय अठराच्या आसपास, नजर घारीसारखी आणि डोकं तव्यासारखं, पाणी पडायची खोटी की चर्र. नववीत मॅडमनी तिनं काढलेलं विमान फाडलं, तर हिनं मॅडमचा हजेरीपट फाडला. शाळा तिथंच संपली. मग शिवणक्लास लावला, तिथल्या बाईशी भांडण. मग मेंदी शिकली, तर एका नवरीच्या एकाच हातावर मेंदी काढून उठून आली, का तर नवरीची मावशी मधे मधे बोलत होती. नवरी बिचारी एक हात रंगवून स्टेजवर बसली.

विमानांचं पण तेच. जी टांगलेली दिसतात ती वाचलेली. बाकीची मशीनखालच्या खोक्यात. पंख वेगळे, शेपट्या वेगळ्या. एक जोड जमला नाही, एक रंग ओघळला, की रिम्शा विमान उचलायची आणि भिंतीवर. मग त्याच तुकड्यांतून काही कामाचं निघतंय का ते बघायची.

तिची अम्मी चांदबी मूळची धानोऱ्याची, तिच्या तोंडात कायम अहिराणी. ती खोकं ढकलून झाडू मारायची आणि म्हणायची, "तुन्हा हातनं आख्खं काही बाहेर पडस का व माय? एक ते दखाड."

रिम्शा म्हणायची, "पडेल एक दिन."

"पडी, पडी. भीतवरच पडी."

भाऊ अजहर दारातून हसायचा. तो गॅरेजमधे डेंटिंग-पेंटिंग करतो. उरलेला रंग, भेगा बुजवायची लांबी, पॉलिश पेपर हे सगळं तिला तोच आणून द्यायचा, आणि वर टोमणे फुकट.

तर एका बाजाराच्या दिवशी दुकानात नवलआप्पा आले. रनाळ्याचे. ट्रॅक्टरची प्लेट करायची होती. डोक्याला रुमाल, पांढरी मिशी, चालताना एक खांदा जरा खाली. बाकीचे लोक वर बघतात, हसतात, खाली बघतात. आप्पा वरच बघत राहिले.

"मिग शे ना ते?"

रिम्शानं मशीनवरून मान वर केली. बाकी सगळ्यांना सगळीच विमानं राफेल वाटायची. "हां. मिगच शे."

"कोणी बनाडं?"

"मी."

"मस्त बनाडं. पण चाकं चुकनात."

झालं. तवा तापला. "काय चुकनं?"

"तिन्ही सारखा करी टाकात तू. पुढलं बारीक ऱ्हास, मांगला दोन्ही मोठा. आनि पायलटनी बसानी जागा इतली पुढे नही ऱ्हास, पोरी."

"तुम्हले काय ठाऊक? मी व्हिडिओ दखी दखी बनाडं."

"मन्ही अर्धी जिंदगी त्यान्हा पोटखाले गई," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही. जणू पिकाला पाणी दिलं असं सांगत होते.

सत्तारभाईनी लगेच खुर्ची पुढं केली. "आप्पा, पायलट होतात का तुम्ही?"

"नही भो. मी खालना माणूस. फिटर. पायलट वर जाये, मी खाले वाट दखू."

ते गेल्यावर रिम्शा स्टुलावर चढली, मिग खाली काढलं आणि त्याची तिन्ही चाकं उपटून टाकली. सत्तारभाईना वाटलं, आता सगळंच जातंय. पण तिनं मोबाइल काढला, फोटो मोठे करून करून बघितले. पुढचं बारीक होतं. मागची मोठी होती. बसायची जागाही मागे होती. म्हातारा खोटा निघाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

प्लेट न्यायला आप्पा परत आले तेव्हा तिनं पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. सरळ म्हणाली, "जागा कितली मांगे?"

आप्पा रंगाच्या डब्यावर बसले आणि चांगला वेळ बसले. जाताना म्हणाले, "मले एक बनाडी दे. मन्हं विमान. पण टांगाले नको, टेबलवर उभं पाह्यजे."

"उभं कसाले? टांगेल चांगलं दिसस. उडी ऱ्हायनं असं वाटस."

"उडतं मी कमीच दखं व," आप्पा म्हणाले. "ते पळे, आवाज होये, मी कानवर हात ठेवू, तवलोंग ते गायब. ते पायलटनं विमान. मन्हं विमान म्हंजे सकायनी थंडी, पंखवर दव पडेल, तीन चाकंवर उभं, आनि मी खाले पाठ टेकी पडेल. गेल्या साली त्यासले रजा दिधी ना सरकारनी? टीव्हीवर दखाडं. बठा वर दखेत, मी चाकंच दखत ऱ्हायनू."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. डाव्या पंखाच्या खाली, पोटाजवळ, एक थिगळ होतं. एकदा पक्षी धडकून पत्रा फाटला होता, त्यावर आप्पांनी स्वतःच्या हातानं पत्र्याचा तुकडा बसवला होता, रिबिटा मारून. वरून बघणाऱ्याला कधी दिसायचा नाही. "ते पाह्यजेच," आप्पा म्हणाले. "ते नही ते मंग ते कोनं बी विमान."

आणि पुढच्या महिन्यात एका रविवारी त्यांचे जुने सोबती येणार होते जेवायला. सगळे त्यांच्यासारखेच खालचे. भरीत-भाकरीचा बेत होता. त्या आधी पाहिजे.

चांदबीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आप्पा, इले काम देवा नका. भीतवर मारी टाकी."

"मारी ते मारी," आप्पा म्हणाले.

रिम्शाला ते 'मारी ते मारी' फार लागलं. कोणी विश्वास ठेवला नाही की तिला सवयीनं राग यायचा. पण ह्या माणसाला तर काहीच वाटत नव्हतं! तिनं मनात ठरवलं, हे विमान आख्खं रनाळ्याला जाणार. आख्खं, आणि त्याला बोट ठेवायला जागा नाही असं.

मिग म्हणजे एक नळीच असते. पुढं तोंड उघडं, त्यातून हवा आत जाते, तोंडात मधोमध एक टोकदार शंकू. तिनं प्लंबिंगचा पाईप घेतला, गरम करून पुढून-मागून निमुळता केला. पंख सनबोर्डचे, त्यावर लांबी, लांबीवर पाण्यानं घासायचं, परत लांबी, परत घासायचं. काच पाण्याच्या बाटलीची. लाकडाचा ठोकळा कोरला, बाटली त्यावर चढवली, मेणबत्तीनं शेकली, प्लास्टिक आकसून घट्ट बसलं. पहिल्या बाटल्या जळाल्या. ती उठली, गल्लीत चक्कर मारून आली, परत बसली. खिळ्यांच्या ओळींसाठी जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक विमानाच्या अंगावरून फिरवलं, बारीक बारीक टिंबं उठली. पाय छत्रीच्या काड्यांचे. रंग अजहरच्या गॅरेजमधल्या कंप्रेसरवर मारला, अजहरला हात लावू दिला नाही. शेपटीकडचा धुराचा काळा डाग अम्मीच्या काजळाच्या डबीतून आला. अम्मीला ते अजून माहीत नाही.

आणि थिगळ. कोल्ड्रिंकच्या डब्याचा नखाएवढा पत्रा कापून, कर्कटकाच्या टोकानं एक एक रिबिट उठवून, चिमट्यानं बसवलं. त्या दिवशी ती घरात कोणाशी बोलली नाही. श्वास लागला तर तुकडा उडेल असं वाटत होतं.

मधल्या काळात आप्पा बाजाराला आले की दुकानात यायचे, डब्यावर बसायचे आणि चूक सांगायचे. "आठे एक झाकण ऱ्हास." "हाई नाकपुढली नळी जराशी लांब ऱ्हास." ती दात आवळून दुरुस्त करायची. एकदाच खवळली आणि म्हणाली, "तुम्हीच बनाडा मंग!" आप्पांनी आपले हात पुढं केले. बोटं वाळलेल्या शेंगांसारखी वाकडी. "बनाडतू व," ते म्हणाले. रिम्शानं पॉलिश पेपर उचलला आणि गपचूप घासायला लागली.

शंकू सगळ्यात शेवटी तोंडात बसवला, फेवीक्विकनं. जोड लांबीनं असा बुजवला की नखाला लागेना. सगळ्यात सुरेख काम ते झालं होतं. चाकं चिकटवली आणि विमान पाठीवर उलटं ठेवून वाळू दिलं. सकाळी तसंच उलटं थर्मोकोलच्या खोक्यात बसवलं, म्हणजे पायांवर जोर यायला नको.

शनिवारी दुपारी अजहरच्या गाडीवर दोघं निघाले. खोकं रिम्शाच्या मांडीवर, दोन्ही हातांच्या कवेत. गाव सुटल्यावर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी लागल्या, दोन्ही अंगाला लाल जमीन, डोळ्यांत चुरचुर. अजहरनं रुमाल बांधला होता. रिम्शाला शिंका आवरेनात, आणि हात सोडता येईना. ती खांद्यात नाक खुपसून शिंकत राहिली.

"सोड ना एक हात!" अजहर ओरडला.

"तू गाडी चालाड! खड्डा दख!"

"फेकशी केव्हा ते सांगी दे. म्हणजे मी गाडी बाजूले लेसू."

"आज नही फेकत."

"अम्मीनी अब्बाशी पैज मारेल शे."

"आनि तू काय सांगं?"

अजहरनं उगाच हॉर्न वाजवला. म्हणजे त्यानं पण अम्मीसारखी फेकण्यावरच लावली होती.

आप्पांचं घर रनाळ्यात रस्त्याला लागूनच. ओट्यावर त्यांची बायको कमलबाई मिरचीची देठं खुडत बसली होती, पुढ्यात लाल ढीग. आत आप्पांनी टेबल तयार ठेवलं होतं. पांढरी चादर, तिला इस्त्रीची घडी. बाजूच्या खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या.

रिम्शानं खोकं उघडलं. विमान सुलटं केलं, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं, चाकं चादरीला टेकली. आप्पा पुढं झुकले. तिनं हात काढले.

टक.

शेपटी खाली बसली. नाक वर छताकडं. पुढचं चाक हवेत. मागच्या पायांवर बसून भाकरी मागणाऱ्या कुत्र्यासारखं विमान टेबलावर बसलं होतं.

रिम्शानं नाक दाबून खाली केलं. पुढचं चाक टेकलं. बोट काढलं. टक.

परत. टक.

"हाई ते बसी गयं!" अजहर म्हणाला. "वाटमा थकनं व्हई."

ती वाकून बघत होती. लगेच दिसलं तिला. चाकं बरोबर होती, पाय बरोबर होते. पण मागं जाड पंख, शेपटी, लांबीचं सगळं वजन तिकडंच. आणि पुढं? पुढं पोकळ पाईप. नाकात वजनच नव्हतं. तिची सगळी विमानं आजपर्यंत दोरीवर. दोरी जिथं बांधाल तिथं विमान सरळ. जमिनीवर उभं राहायला काय लागतं ते तिला कधी बघावंच लागलं नव्हतं. आणि आप्पांनी सगळं तपासलं होतं, झाकणं, नळ्या, टिंबं, पण त्यांचं खरं विमान तर आपणहून उभं राहायचं. त्यांच्या पण ध्यानात आलं नाही.

अजहरला हसू आवरेना. तोंडावर हात धरला तरी नाकातून आवाज आला.

रिम्शानं विमान उचललं. दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. अजहर हसायचा थांबला आणि सवयीनं दोन पावलं बाजूला झाला. समोर भिंत होती, पांढरी, चुना लावलेली. कानात गरम गरम झालं. एक फेक, की मोकळं. ना आप्पा, ना रविवार, ना कोणाची पैज.

आप्पा तसेच उभे होते. म्हणाले, "फेकनं व्हई ते फेक. पण ते थिगळ मन्हं शे. ते काढी दे पहिले."

ती तशीच थांबली. मग विमान खाली घेतलं, उलटं केलं, रागानं थिगळाच्या कडेला नख लावलं. थिगळ हलेना. नख आत जाईना. कसं जाणार? तिनंच बसवलेलं. कड इतकी सपाट की बोटाला कळत नव्हती कुठं संपते. ओढलं असतं तर आजूबाजूचा रंग घेऊन आलं असतं, पोटाचा टवका उडाला असता. तिनं दुसऱ्या बाजूनं बघितलं. एक एक रिबिट. त्या दिवशी श्वास धरून मारलेली.

"निंघत नही," ती म्हणाली.

"मंग?" आप्पा म्हणाले.

तिनं विमान टेबलावर आडवं ठेवलं आणि बाहेर निघून गेली.

ओट्यावर कमलबाईनं तिच्याकडं बघितलं, आतल्या दाराकडं बघितलं. पुढ्यातल्या मिरच्या हातानं तिच्याकडं सरकवल्या. "ये व, बस. देठ खुड. डोयाले हात लावू नको."

रिम्शा खुडत बसली. देठ मोडायचं, मिरची इकडं, देठ तिकडं. बोटं चुणचुणायला लागली. उन्हं उतरत होती. समोर लिंबाच्या झाडाला मासे धरायचं जाळं टांगलं होतं आणि आप्पांच्या शेतात कामाला असणारा उदेसिंग त्याचं फाटलेलं विणत उभा होता.

"कालदिन पशी टेबल पुसी ऱ्हायनात," कमलबाई म्हणाली. "मी म्हणं, पाव्हणा माणसं येतस का पोरीनं विमान येस? परत टेबलच पुसत ऱ्हायनात."

रिम्शानं पुढची मिरची उचलली.

"सुट्टीवर येयेत ना तधळ, बैलगाडीना खाले जाई पडेत. पाठ टेकी. वर दखत ऱ्हायेत. लोके म्हणेत, कमलबाईना नवऱ्याले काय हुई गयं? मी म्हणू, काही नही, गाडी तपासी ऱ्हायनात." ती हसली, पदरानं नाक पुसलं. "गाडी बी आते इकी टाकी. ट्रॅक्टरखाले घुसाले त्यासनी पाठ ऐकत नही."

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. हातात सुतळी होती. रिम्शाकडं न बघता म्हणाले, "वर हूक शे पंखाजवळ. दोरी बांधी टांगी देऊत. टांगेल बी चांगलंच दिसी."

रिम्शानं त्या सुतळीकडं बघितलं. आप्पांनी तिच्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. हा माणूस आजपर्यंत बारीक नळीसाठी अडून बसला होता. आणि आता टांगेल बी चांगलंच दिसी.

तिची नजर जाळ्यावर गेली. जाळं एवढं पातळ, वाऱ्यानं उडून जायला पाहिजे. पण सरळ ताठ लोंबत होतं, कारण खालच्या काठाला सगळीकडून शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. काळ्या, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठ्या.

ती उठली. "टांगानं नही. उभं ऱ्हाई ते."

"कसं?"

"उदेसिंगभाऊ, ह्या गोळ्या देशी का?"

उदेसिंगनं जाळं छातीशी धरलं. "कसाले?"

"विमानना नाकमा टाकाले."

उदेसिंगनं आप्पांकडं बघितलं, मग तिच्याकडं. "पानीमा बुडावनं शे का विमान?"

"अरे दे ना!"

"हाई जाळानी नही देत. मासा हासतीन माले." पण तो झोपडीत गेला आणि डबीत सुट्या गोळ्या घेऊन आला. "ह्या जुन्या. पण परत दे बरं का. शिसं फुकट नही मिळत."

रिम्शा आत पळणार तेवढ्यात कमलबाईनं मनगट धरलं. "मिरचीना हात! तेल चोय, मंग साबण. नही ते विमान बी शिंकी."

तेल, साबण, परत साबण. मग आत. आधी तिनं रुमालाच्या कोपऱ्यात गोळ्या बांधल्या आणि ती पोटली मिगच्या नाकावर ठेवली. नाक हललं नाही. गोळ्या वाढवल्या. थोडं हललं. आणखी घातल्या. नाक हळूच खाली आलं आणि टेकलं. एक मूठ आणखी वर. एवढं पुरे.

आता आत घालायचं. आणि आत जायला एकच वाट, तोंड. तोंडात शंकू. शंकूचा जोड, नखाला न लागणारा.

तिनं बॅगेतून कटर काढला. नवी पात लावली.

"आते नाक कापशी?" अजहर म्हणाला. ह्या वेळी तो हसला नव्हता.

"उजेड धर."

अजहरनं मोबाइलची बॅटरी धरली. आप्पा समोर बसले. तिनं पात जोडावर ठेवली आणि दाब न देता फिरवली. नुसती फिरवत राहिली. पहिल्यांदा रंगाची रेघ उमटली, मग लांबीची पांढरी भुकटी, मग पात जरा आत. मधेच पात अडकली. तिच्या मनगटाला झटका द्यायची खाज सुटली, अजहरला ती दिसली पण असेल. तिनं पात बाहेर काढली, हातातून खाली ठेवली, दारापर्यंत जाऊन आली. परत बसली. दुसऱ्या बाजूनं सुरू केलं. शंकू सुटला तेव्हा नुसता 'कट' असा बारीक आवाज झाला आणि तो तिच्या तळहातावर पडला. आख्खा.

पण पाईप तर मागपर्यंत पोकळ. गोळ्या टाकल्या तर घरंगळत शेपटीला जाणार आणि विमान अजूनच बसणार. अजहर म्हणाला, "काही कोंब."

"कापूस आन व जिजी!" तिनं ओरडून कमलबाईला सांगितलं.

रनाळ्यात कापसाला काय तोटा. कमलबाईनं ओंजळभर आणला, सरकीसकट. आप्पांनी सरकी काढून दिली, वाकड्या बोटांनी, एक एक. रिम्शानं काडीनं कापूस आत ठोसला, बसायच्या जागेच्या खालपर्यंत. मग आप्पांनी कपाटातून एम-सील काढलं, ठिबकच्या नळ्यांना लावायचं. तिनं ते मळलं, त्यात शिसं मळलं, चिंचोके घातलेल्या चिखलासारखं झालं, आणि थोडं थोडं करून नाकात भरलं. मग विमान नाक खाली करून पितळी तांब्यात उभं केलं. तांब्याला आत फडकं.

"आते?" अजहरनं विचारलं.

"आते वाळू दे."

तेवढ्यात चहा झाला. आप्पा म्हणाले की त्यांच्याकडे सुद्धा नाकातलं काही जड सामान दुरुस्तीला काढलं की त्या जागी बदली वजन ठेवायचे. "मले ठाऊक होतं व ते," ते म्हणाले. "आनि ध्यानमाच उनं नही."

"मले बी इचारानं नही सुचनं," रिम्शा म्हणाली. हे तिच्या तोंडून माफीच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य होतं. दोघांना ते कळलं असावं, कारण आप्पांनी तिच्या बशीत आणखी चहा ओतला.

नाकातलं एम-सील कडक झाल्यावर शंकू परत बसवला. विमान टेबलावर ठेवलं. चाकं टेकली. ह्या वेळी तिनं हात एकदम नाही काढले. एक बोट, दुसरं बोट. शेवटचं बोट पुढच्या काडीवरून सुटलं.

विमान उभं राहिलं.

अजहरनं फुंकर मारली. हललं नाही. उदेसिंग दारातून डोकावला, म्हणाला, "मन्हा शिसानी कमाल," आणि गेला.

नाकाभोवती मात्र रेघ दिसत होती. कापलेल्याची. एका ठिकाणी रंगाचा टवका. रिम्शा बॅगेत लांबी शोधायला लागली. "जरासं बुजी देस. वाळाले टाइम लागी, पण सकाय पावत..."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

"खराब दिसस ते."

"ऱ्हाऊ दे म्हणस ना. खाले मन्हं थिगळ, वर तुन्हं."

मग त्यांनी टेबलाला हात लावून गुडघे टेकले, हळूहळू, एक एक. डोकं टेबलाच्या काठाशी आणलं, मान वाकडी केली आणि पंखांच्या खालून आत बघायला लागले. बराच वेळ. रिम्शाला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि डोक्याचा रुमाल. ती वाट बघत होती. काहीतरी चुकलं असणार, काढतील आता.

"कमल," आप्पांनी हाक मारली. "लाल कपडा दे जरासा. चिंधी."

कमलबाईनं जुन्या परकराची लाल पट्टी फाडून दिली. आप्पांनी दातानं तिचा बारीक तुकडा केला आणि नाकाच्या पुढं निघालेल्या लांब नळीला बांधला. वाकड्या बोटांत गाठ बसेना. रिम्शानं गाठ मारायला हात पुढं केला, मग मागं घेतला. त्यांनीच मारली.

"हाई ऱ्हायनं होतं," ते म्हणाले. "जमिनीवर शे तवलोंग लाल चिंधी पाह्यजे, उडाना पहिले फिटर सोडस. आते मले इचारानाबिगर हाऊ कोठे जात नही."

निघताना उदेसिंगनं गाडी अडवली. "मन्हं शिसं?"

"टायरवालाकडे पडेल ऱ्हास, बॅलन्सिंगनं. बाजारना दिन आप्पासोबत धाडी देस."

"जास्त धाड. व्याज लागस."

"तुले विमानच बनाडी देऊ का?"

"नको. होडी बनाड."

पथारींजवळ आले तेव्हा दिवस बुडत होता. लाल जमीन काळपट दिसायला लागली होती, वास मात्र तोच. अजहरनं रुमाल वर ओढला आणि म्हणाला, "अम्मीले फोन कर. सांगी दे."

"तूच सांग. तू पैज हारना."

रिम्शाला नाकात चुरचुर सुरू झाली. तिनं खांद्यात तोंड घातलं, सवयीनं. मग लक्षात आलं, मांडीवर खोकं नाही. दोन्ही हात रिकामे. ती मोठ्यांदा शिंकली, परत शिंकली, आणि अजहर गाडी सावरत शिव्या घालायला लागला.